मानाची दाढी

आमच्या बेलापुरात खंडेनवमीला घरोघर हत्यारं पुजतात. शेतकरी नांगर-कुळव पुजतो, सुतार वाकस-पटाशी, आणि आमच्या घरी आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, वस्तरा-कात्रीची धोकटी पुजली जायची. आबा गावचे न्हावी. त्या दिवशी वस्तऱ्याला हात लावायचा नाही, गिऱ्हाईक कितीही गयावया करो. दसऱ्याला पूजा उचलायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली दाढी पाटलांची करायची, आमच्याच ओट्यावर, चार माणसांसमोर. तिला मानाची दाढी म्हणत.

बहात्तरच्या दुष्काळात मी नवरात्राला माहेरी आले होते. मला राहुरीला दिलेलं, त्यामुळे येणंजाणं सोपं. घरात नवी वहिनी होती, वैशाखात लग्न होऊन आलेली. ती आली आणि त्या साली पाऊसच झाला नाही. आता पावसाचा आणि तिचा काय संबंध, सांगा! पण आमच्या आईच्या जिभेला हाड नव्हतं. "ही आली आन् ढग पळालं," असं ती विहिरीवर बोलून गेली, आणि बायकांना तेवढं पुरे होतं.

दरवर्षी आबा हत्यारं स्वतःच पुसायचे. कोरडं फडकं, मग खोबरेलाचा हात, आणि कुंकवाचं बोट लावायचं ते मुठीला, पात्याला कधीच नाही. त्या वर्षी ते तापाने अंथरुणावर होते. आईने वहिनीला फर्मावलं, "हत्यारं घासून पाटावर मांड." वहिनीच्या माहेरी वस्तरा सुटून पिढी झाली होती, बाप साखर कारखान्यात, घरी थोडी शेती. तिला ठाऊक होतं ते खुरप्या-विळ्याचं पूजन. राखेने लख्ख घासायचं आणि पात्यावर ओल्या हळदकुंकवाची बोटं ओढायची. तिने वस्तऱ्याचंही तेच केलं. मन लावून केलं, वर शेवंतीचं फूल ठेवलं.

दसऱ्याला सकाळी आबा उठले, ताप उतरला होता. त्यांनी पूजा उचलली, वस्तरा पुसला आणि उजेडात धरला. धारेवर गंज चढला होता. अंगठ्याच्या नखावरून त्यांनी धार हलकेच ओढली. ती जागोजागी अडली. दाढीचा चांगला वस्तरा तेवढा एकच होता. दुसरा डोई करायचा, त्याने पाटलांची दाढी केली असती तर सालटं निघालं असतं.

आईने कपाळावर हात मारला. "पूजेच्या दिशी हत्यार मेलं! पांढऱ्या पायाची हाय ही, म्या म्हनत न्हवते? उद्या पाटलाचं रगत निघालं तर हिला कायमची माहेरी धाडते बघा." शेजारची चुलती कुंपणापलीकडे उभी, कान टवकारून. म्हणजे दुपारपर्यंत सगळ्या आळीला कळणार. दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, माझा भाऊ, खांबाला टेकून नुसता उभा. असले शूर आमच्या घरात भरपूर! वहिनी आत गेली आणि आपलं बोचकं बांधायला लागली. मला आईचा असा संताप आला की बोलले असते तर भांडणच झालं असतं.

आबांनी ओट्यावर पथरी मांडली, तो काळा गुळगुळीत दगड, त्यावर पाणी शिंपडलं आणि वस्तरा आडवा टेकवला. धार पुढे ठेवून एकदा इकडून, पाठीवर उलटवून एकदा तिकडून. जोर बिलकूल द्यायचा नाही. गंजाने पडलेला खड्डा काही भरून निघत नाही. बाकीची सगळी धार झिजवून त्याच्या पातळीला आणावी लागते. मध्येच थांबून ते नखावर बघत आणि पुन्हा सुरू करत. गाव सोनं लुटायला गेलं तरी आबा पथरीवर. दिवस कलला तेव्हा चामोट्यावर, त्या तेलकट कातड्याच्या पट्ट्यावर, त्यांनी वस्तरा फिरवला, मग आपल्या मनगटावरचे केस उडवून पाहिले. शेवटी परत नखावर ओढला. मी शेजारीच होते. टोकापाशी एका जागी नख अडलं. त्यांना कळलं, मलाही कळलं.

"आबा, अजून हाय," मी म्हणाले.

"आता दगडाच्या हातात न्हाई. लई घासलं तर पातं जाईल."

सकाळी पाटील ओट्यावर येऊन बसले. दारात आई, तिच्यामागे वहिनी, बाहेर चुलती आणि रिकामटेकडे चार जण. दुष्काळात कामं कुठे होती! आबांनी साबण लावला. एक गाल झाला, दुसरा झाला, टोक ते जपून वर धरत होते. पण हनुवटीच्या खळगीत टोकाशिवाय चालत नाही. तिथे रक्ताचा थेंब आला आणि साबणावर पसरला.

"काय रं, वस्तऱ्यानं खाल्लं का?" पाटील म्हणाले.

सगळे आईकडे बघायला लागले. आबांनी शांतपणे तुरटी ओली करून हनुवटीवर दाबली. या माणसाने उभ्या जन्मात हाताला बोल लावून घेतला नव्हता. गिऱ्हाईक हललं, गिऱ्हाईक खोकलं, असंच ऐकत आम्ही मोठे झालो.

"वस्तरा बेस हाय, पाटील. हात चुकला माझा," ते म्हणाले.

"म्हातारा झालास की!" पाटील हसले. लोकही हसले. चुलती हिरमुसून घरी गेली. आई वहिनीकडे न बघताच म्हणाली, "बोचकं सोड. भाकरी टाकायच्यात."

आबांचा हात कापतो, हे मात्र गावात पसरलं. गिऱ्हाईक हळूहळू स्टँडवरच्या सलूनकडे वळलं. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, मी पुन्हा माहेरी आले, आणि पाटलांनी मानाची दाढी त्या सलूनवाल्याला दिली. आबा ओट्यावर नुसते बसून होते. आई आतून करवादली, "तुमच्या हातानं घालवला मान!"

"व्हय, माझ्याच हातानं," आबा म्हणाले.

वहिनी तान्ह्याला पाळण्यात ठेवून बाहेर आली. सासूसमोर कधी मान वर न केलेली बाई, आज सरळ आईकडे बघून बोलली. "मामंजींचा हात न्हवता चुकला, आत्याबाई. वस्तराच गेला हुता. म्या घालवला."

आई पीठ मळत होती. तिने हात थांबवला नाही.

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "तवाच ठाव हुतं. पोरगं रडतंय, घे त्याला."