अम्मीने न म्हटलेलं ‘हूं’

त्या शुक्रवारी नंदुरबारला आमच्या घरात निकाह होता, आणि नवरी सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती... दुसरं महायुद्ध चालू होतं, मी दहा वर्षांची होते. आता नव्वदी ओलांडली, म्हणून हे पणती टाइप करतेय. चुका तिच्या, आठवणी माझ्या.

आम्ही पिंजारी. अब्बा कापूस पिंजायचे, अम्मी गाद्या-रजया शिवायची. तिच्यासोबत टाके घालायला आमच्या मागच्या खोलीत राहणारी खाला असायची, नात्याची नव्हे, पण आम्ही तिला खाला, म्हणजे मावशी म्हणायचो. खाला काबूलची. तिचा नवरा हिंग विकत गावोगाव फिरायचा, त्याला आमचं गाव आवडलं आणि तो बायकोला घेऊन इथेच राहिला. भला माणूस होता बिचारा... तापाने गेला.

वर्षभराने खालाचा दीर उगवला. भावाची विधवा भावाचीच, हा आमचा रिवाज, असं त्याचं म्हणणं. खालाने नकार दिला तर त्याने तिला मारलं. दंड कोपरापर्यंत काळानिळा झाला होता, हळदीचा लेप लावताना अम्मी तोंडातल्या तोंडात त्याला शिव्या घालत होती.

निकाह लावून तिला आपल्या मुलखात, काबूलला न्यायचं त्याने ठरवूनच टाकलं होतं. खालाची धाकटी बहीण विधवा झाली, तेव्हा तिलाही अशीच तिच्या दिराला दिली होती. ती वर्षाच्या आत गेली, आणि कशाने गेली ते खाला कधी सांगायची नाही.

अब्बांना हे पटत नव्हतं. पण दुसऱ्याच्या घरात आपण कशाला पडा, असा त्यांचा स्वभाव. खालाचं इथे कुणीच नव्हतं, म्हणून तिच्या बाजूचे वकील तेच झाले. वकील म्हणजे कोर्टातला नव्हे हं... दोन साक्षीदार घेऊन पडद्याशी येतो आणि नवरीला ‘मंजूर आहे का’ विचारतो, तो.

आता आमच्याकडची एक गंमत सांगते. पडद्यामागे नवरी लाजून चूर, तिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. मग मागे बसलेली एखादी बाईच हळूच तिच्या वतीने ‘हूं’ म्हणायची. बाहेर सगळ्यांना माहीत असायचं, कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. आमच्या मोहल्ल्यात हा मान अम्मीचा. माझ्या तिन्ही आतेबहिणींचं ‘हूं’ तिनेच म्हटलेलं! दिराच्या कानावर हे आलंच असणार, कारण सकाळीच त्याचा निरोप आला... नवरीच्या मागे तुम्हीच बसा.

अम्मी बसली. मी खालाच्या शेजारी. अब्बांनी पहिल्यांदा विचारलं. खाला जमिनीकडे बघत राहिली. मी सवयीने अम्मीकडे बघितलं, तर ती पदर तोंडाशी धरून गप्प.

अब्बांनी दुसऱ्यांदा विचारलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, एकीने अम्मीला कोपराने ढोसलं. तिसऱ्यांदा विचारलं... तरी काही नाही. माझ्या पोटातली गुरगुर मला ऐकू येत होती, पुलावाच्या आशेने मी सकाळपासून उपाशी होते.

मग अम्मी बोलली. पडद्यापलीकडे नीट ऐकू जाईल असं, आणि आमच्या रोजच्या बोलीत.

“या बाईनी हूं म्हनेल नही. अन् आज मी बी म्हनत नही.”

मला वाटलं, आता अब्बा ओरडतात. पण ते पडद्याच्या आणखी जवळ आले. मग नेमाचं वाक्य सोडून, हळू आवाजात म्हणाले, “बहन, तूच सांग.”

“नहीं,” खाला म्हणाली.

तिचा आवाज ओटीपर्यंत गेला. काझीसाहेबांनी वही मिटली. कुंवारी पोर लाजून गप्प बसली तर चालवून घेतात, पण बेवाने, म्हणजे विधवेने, स्वतःच्या तोंडाने हो म्हणावं लागतं, आणि हिने तर नाही म्हटलंय, विषय संपला... असं त्यांनी दिराला सांगितलं. तो तणतणत पडद्याकडे निघाला, तर अब्बा वाटेत उभे. कधी मांजरावर न खेकसलेला माझा बाप, हातात पिंजणाचा दांडका घेऊन! काय सांगू, आजही आठवलं की हसू येतं आणि ऊर भरून येतो. दोन दिवसांनी दीर रेल्वेत बसून गेला, तो पुन्हा दिसला नाही. पुलाव आम्ही तोवर खाल्लाच.

खाला पुढे शेवटपर्यंत आमच्याकडेच राहिली. लहानपणी काबूलला ती काही महिने मुलींच्या शाळेत गेली होती. मग तिकडे बंड झालं, शाळा बंद पडली, आणि तिचं शिकणं तिथेच राहिलं. मी शाळा बुडवली की ती कान धरून पोचवायला यायची. मी मास्तरीण झाले, त्याचं श्रेय माझ्या हुशारीला देऊ नका, त्या धरलेल्या कानाला द्या.

अम्मीने त्या दिवसानंतर कुणाचंच ‘हूं’ म्हटलं नाही. जिचं तिने म्हणावं, मला घसा दुखतो, म्हणायची. माझ्या निकाहला मी इतक्या मोठ्याने ‘मंजूर’ म्हटलं की बाहेर पुरुष हसले. खाला तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

परवा पणतीने फोनवर बातमी दाखवली... काबूलच्या मुलींच्या शाळा पुन्हा बंद. चार-पाच बायका भर रस्त्यात फलक धरून उभ्या होत्या, आणि समोर बंदूकवाले. मी खूप वेळ बघत बसले. त्यांची भाषा मला येत नाही, पण त्या काय म्हणत होत्या ते कळलं. तो शब्द मी आमच्या घरात ऐकलाय.

माझं आयुष्य सुखात गेलं, तक्रार काही नाही. त्या बायकांच्या मागे एखादी माझ्या अम्मीसारखी बसलेली असू दे, एवढीच दुआ.