पाण्याचा ढीग

आमच्या औंढ्याच्या शाळेतल्या बाई तळेगावहून यायच्या, तेव्हा त्यांच्या पिशवीत वह्यापुस्तकांपेक्षा भांडीच जास्त. पेला, वाटी, तांब्या, थर्मासमध्ये बर्फ. "संसार मांडायला आल्यात का शिकवायला?" असं मी मोठ्यानं म्हणायचो, त्यांना ऐकू जावं म्हणूनच. शाळेच्या भिंतीला लागून माझी चिक्कीची भट्टी. तिसरीतून शाळा सोडली, पण चाळीस वर्षं गुळाचा पाक केला आणि कुणापुढं मान खाली घातली नाही.

बाईंना कशाचाही धडा करायची खोड. एकदा माझा गूळ उकळत होता. भिंतीपलीकडून आवाज आला, "आबांची भट्टी पेटली, हे न बघता कसं कळलं रे?" पोरं ओरडली, "वास आला!" "म्हणजे वासाचे कण वायू होऊन इथवर आले. वायूला स्वतःचा आकार नाही. जागा मिळेल तितका तो पसरतो." मी ढवळायचा थांबलो. गूळ माझा, धडा त्यांचा!

मग त्या भट्टीवरच आल्या. "आबा, पाक मुलांना तुम्हीच दाखवा."

"आमी अडाणी माणसं. आमाला कशाला?"

"मला पाक येत नाही म्हणून."

शिकलेलं माणूस एवढं सरळ बोललं, म्हणून गेलो. गार पाण्यात पाकाचा थेंब सोडला. ताणला तर कच्चा, टक्कन मोडला तर झाला, असं सांगितलं. बाई म्हणाल्या, "बघा, गरम होता तेव्हा द्रव. वाहत होता, भांड्याचा आकार घेत होता. गार झाला आणि स्थायू झाला. आता आकार त्याचा स्वतःचा."

पोरं तोंडाकडं बघत होती, तसा मला चेव आला. "बाई, वाळू बी ओतता येती. ती बी भांड्याचा आकार घेती. मग वाळू द्रव का?"

"वाळूचा ढीग होतो, आबा. तुम्ही पाण्याचा ढीग करून दाखवा."

पोरं खदखदून हसली. मी उठून आलो. घरी पायरीवर वाळू ओतली, ढीग झाला. तांब्याभर पाणी ओतलं, ते अंगणात गेलं. बाईंचं खरं होतं. पण जाऊन सांगणार कोण? दोन वर्षं नुसता रामराम चालला.

त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी ठरवलं, आज सांगायचं. त्यांच्यासाठी चिक्कीचा घाणा टाकला. बाई निघून जातील म्हणून डोळा रस्त्यावर, आणि पाक उतरवला लवकर. त्या आल्या तेव्हा चिक्कीच्या तारा निघत होत्या. आयुष्यात असं झालं नव्हतं.

"राहू द्या आबा, चमच्यानं खाईन," म्हणून त्यांनी ती डब्यात घेतली.

तोंडाशी आलं होतं. म्हणालो काय, तर "हवा दमट हाय."

"असेल," म्हणाल्या, आणि गेल्या.

यंदा कळलं, बाई वारल्या. माझेही गुडघे आता भट्टीपाशी उभं राहू देत नाहीत. बसून असतो. शाळेत नवे सर आलेत, बरे आहेत. परवा त्यांना हाक मारली आणि सांगितलं, "आधीच्या बाईंचं बरोबर होतं बरं का, सर."

"कशाबद्दल, आबा?"

त्यांची बस यायची वेळ झाली होती. "काय न्हाई," म्हणालो. "जावा तुमी."