फुटलेली वांगी आणि माणसाची जबाबदारी

जळगावच्या आमच्या कॉलेजात मी तत्त्वज्ञान शिकवतो. विषय घेणारी मुलं कमी, म्हणून मी वेगवेगळ्या विषयांच्या प्राध्यापकांचं एक चिंतन मंडळ काढलं. दर शनिवारी आम्ही एका खोलीत बसून जीव म्हणजे काय, काळ म्हणजे काय, असा काथ्याकूट करायचो. वर्षभरात एकाही प्रश्नाचा निकाल लागला नाही. प्राचार्यांना ती खोली कॉम्प्युटरसाठी हवी होती. मंडळ बंद पडणार म्हणून माझा जीव खाली-वर होत होता.

म्हणून हिवाळ्यात मेहरूण तलावाच्या पलीकडे एका शेतात भरीत पार्टी ठेवली आणि प्राचार्यांना बोलावलं. चर्चेचा विषय होता, माणूस स्वतःच्या कृतीला जबाबदार असतो का?

भाजताना फुटू नयेत म्हणून वांग्यांना टोचे मारायचं काम भौतिकशास्त्राच्या सरांनी आपणहून घेतलं होतं. पण हातात सुरी धरून ते सांगत बसले की, जगात सगळं आधीच ठरलेलं आहे. मी चिडून त्यांचं म्हणणं खोडत होतो. तेवढ्यात कुणीतरी वांगी तशीच कपाशीच्या पेटत्या काड्यांवर टाकली. थोड्या वेळाने ती फटाफट फुटू लागली. गर राखेत गेला, थोडा प्राचार्यांच्या स्वेटरवर.

प्राचार्य शिंदखेड्याकडचे. एरवी शुद्ध बोलतात, भूक लागली की गावाकडची अहिराणी तोंडात येते. "बठ्ठा वांगा फुटी गयात. टोचा कोन मारनार व्हता?"

अर्थशास्त्राचे सर म्हणाले, काम सगळ्यांचं असलं की कुणाचंच नसतं. मानसशास्त्राच्या मॅडमनी लक्ष विचलित होण्याची कारणं सांगितली. मी हेतू आणि कृती यांतला फरक मांडायला घेतला. प्राचार्य हातात ज्वारी-उडदाच्या कळण्याची कोरडी पुरी घेऊन ऐकत होते. माझी खोली गेली, हे मला तिथेच कळलं.

भौतिकशास्त्राचे सर सुरीकडे बघत म्हणाले, "सर, चुकलं माझं. काम माझंच होतं."



प्राचार्यांनी पुरीचा तुकडा मोडला. "वर्षभरात मंडळाचा हा पहिला निष्कर्ष. खोली राहू द्या."

मला फार आनंद झाला. फक्त तो निष्कर्ष सायन्सवाल्यांकडून आला, हे अजून खुपतं.