टेस्टिंग रूममधले गोणपाट

सकाळी पास झालेल्या आयसी दुपारी फेल होत होत्या. मार्च सरत आला होता, जळगावचं ऊन भाजायला लागलं होतं आणि दिल्लीचे तपासणी अधिकारी दहा दिवसांवर आले होते. ते हो म्हणाले तर देशातल्या टेलिफोनांत आमची आयसी बसणार. नाही म्हणाले तर चाळीस बायका घरी.

ऐंशीच्या दशकाची ती अखेर. सगळं देशी बनवायचं वारं होतं. आमचे शेठजी पिढीजात कापसाचे व्यापारी, त्यांनीही हौसेनं एमआयडीसीत हा कारखाना काढला. सिलिकॉनची चिप बाहेरून यायची. आम्ही तिला केसाहून बारीक सोन्याची तार जोडायचो, वर काळं कवच चढवायचो, की झाली आयसी. मी प्रॉडक्शन इंजिनिअर. कॉलर ताठ.

दोष सापडायला तीन दिवस गेले. कोरड्या हवेत नायलॉनची साडी अंगाला चिकटते, चटचट वाजते, ती स्टॅटिक वीज. माणसाला फार तर टोचते, पण आयसी आतून जळते. ही वीज जमिनीत उतरवणारे, मनगटाला बांधायचे अर्थिंगचे पट्टे आयात परवान्यात अडकले होते. कूलर लावला तर धूळ आत येई आणि एसी हवा आणखी सुकवी. मी डोकं धरून बसलो.

टेस्टिंगला जवळच्या असोदा गावच्या सुमनअक्का होत्या. घरी केळीची शेती. त्यांनी विचारलं, "हवा ओली पाह्यजे, एवढंच ना सायेब? केयीचे घड सुकू नये म्हनून आम्ही उन्हायात ओले गोनपाट टांगतो. इथं बी टांगा."

मी हसलो. पण दुसरं काही सुचतही नव्हतं. टेस्टिंग रूममध्ये आयसी कवचात बंद असते, त्यामुळे गोणपाटाच्या तुसाचीही भीती नव्हती. सहा गोणपाट भिजवून टांगले. दुपारपर्यंत ओलावा मोजायच्या मीटरचा काटा चढला. त्या आठवड्यात एकही आयसी जळली नाही. अक्कांच्या पाया पडायचाच बाकी होतो मी!

तपासणीच्या सकाळी शेठजी आत आले आणि उंबऱ्यातच थबकले.

"हे काय? दिल्लीचे साहेब येतायत आणि तुम्ही केळीची वखार मांडलीय? काढा आधी!"

"शेठजी, सगळं या गोणपाटांवरच चाललंय."

"अहो, दोन-तीन तासांचा तर प्रश्न. माझं नाक कापायचंय का?"

खरं सांगतो, मला बरंच वाटलं. दिल्लीच्या माणसाला गोणपाट कुठल्या तोंडानं समजावणार होतो मी? स्टुलावर चढून मीच ते उतरवले. अक्का खालून म्हणाल्या, "पाहुना येनार म्हनून कोनी चूल विझवते का, सायेब?" मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

साहेब आले, पण दुपारी. एसी जोरात चालू होता. त्यांनी स्वतः निवडलेल्या पंचवीस आयसी अक्कांनी एकेक करून लावल्या. अकरा फेल. अक्कांच्या ज्या हातांखाली आठवडाभर एकही जळली नव्हती, त्याच हातांखाली आज अकरा गेल्या होत्या, माझ्यामुळे.

साहेबांनी चष्मा काढला. "हवेतला ओलावा राखायला तुम्ही काय करता?"

शेठजींनी माझ्याकडे पाहिलं. अक्कांनीही पाहिलं. गोणपाट भिंतीपलीकडे स्टोअरमध्ये पडले होते, अजून ओले.

मी म्हणालो, "सर, विचाराधीन आहे."

रिपोर्टमध्ये तेच आलं: ओलाव्याची कोणतीही सोय नाही, देशी माल भरवशाचा नाही. ऑर्डर परदेशी कंपनीला गेली. दिवाळीच्या आत कारखान्याला कुलूप लागलं. शेवटच्या दिवशी अक्कांनी फक्त एवढंच विचारलं, "ते गोनपाट घरी नेऊ का? तिथं कोनाले लाज नाही वाटत."

पुढे मी पुण्यात नोकरीला लागलो. तिथल्या साहेबांनी मोठ्या कौतुकानं हवेत ओलावा सोडणारं परदेशी मशीन दाखवलं. एकदा बिघडलं म्हणून मी ते उघडलं. आत एक ओलं कापड होतं आणि मागे पंखा.

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. विकणार कसं? पाहुणा आला की आपणच ते स्टोअरमध्ये टाकतो.