आधी आवाज पाठवा

काळ्या फोनवर मावशी पहिल्यापासून एकच प्रश्न विचारत आली होती. "तुमच्याकडे यायचं कसं, जरा नीट सांगा." पत्ता हवा असायचाच, पण त्याहून जास्त हवा असायचा आवाज. स्वतःच्या घराची वाट सांगताना माणूस मोकळा होतो, डावीकडची पानटपरी, तुटका जिना, सगळं सांगतो. ज्याला ती वाट सांगता येत नाही, त्याच्याकडे आपल्या बाईला पाठवायचं नाही. मग तो कितीही गोड बोलो.

एस्कॉर्ट सर्व्हिसची ती फोनवाली. पुढच्या खोलीत ती नि फोन, मागच्या खोलीत आरसा आणि तयार होणाऱ्या बायका. बाई ठिकाणावर पोचली की तिथून दोनदा घंटी वाजवून फोन ठेवायची. त्या दोन घंट्या ऐकेपर्यंत मावशीचा चहा गार व्हायचा.

जाहिरातीचं बिऱ्हाड मात्र कायम पाठीवर. आधी वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर, विकायला काढलेल्या सोफ्याच्या आणि हरवलेल्या कुत्र्याच्या मधोमध: "सुसंस्कृत सोबत. फोन करा." वर्तमानपत्राला अचानक अब्रू आठवली, तेव्हा फोनबूथमध्ये चिकटवायची कार्डं. सफाईवाला सकाळी काढायचा, ही दुपारी लावायची, आणि दोघं बूथपाशी भेटली की एकमेकांची चौकशी करायची. बूथ गेले, वेबसाइट आली. तीही एका सकाळी उघडेचना. जागा बदलत गेली, पण खालचा नंबर मावशीचाच राहिला.

दुपारी बायका जेवायला बसल्या की मावशी फोन करणाऱ्यांच्या नकला करायची. एक खोकणारा. एक "मित्रासाठी विचारतोय हो" वाला. आणि एक जण, जणू कपाट मागवतोय: "डिलिव्हरी किती वाजता? जिना अरुंद आहे, चालेल ना?" बायका हसून लोळायच्या.

आता जाहिरात मोबाइलमधल्या ॲपवर गेली होती. ती तिथे नेली धाकटीने. धाकटी सत्तावीस वर्षांची, सगळ्यांत शेवटी आलेली म्हणून धाकटी. फोटो, हिरवा ठिपका, खाली मेसेजची खिडकी. नंबर कुठेच नाही. काळ्या फोनवर आता कर्ज विकणारेच बोलायचे, आणि मावशी त्यांनाही घरची वाट विचारायची.

मंगळवारी दुपारी धाकटी पर्स घेऊन निघाली. नवा माणूस, गावाबाहेर, बंद कारखान्याच्या पलीकडे.

"माणूस कसा आहे?" मावशीने विचारलं.

"फार सभ्य. वाच ना."

"माझा चष्मा नाही. तूच वाच."

धाकटीने वाचलं. नमस्कार होता, "आपण" होतं, वेळ जपण्याचा आग्रह होता, उन्हातून येताना त्रास होईल याची काळजीसुद्धा होती. मावशीने डोळे मिटून ऐकलं, मग म्हणाली, पुन्हा वाच. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर तिने धाकटीच्या हातावर हात ठेवला.

"बाळ, हा आवाज तुझा आहे. तू वाचतेस म्हणून तो सभ्य वाटतो."

धाकटीने तो मेसेज मनातल्या मनात पुन्हा वाचला. आजवर आलेले सगळे मेसेज तिला एकाच आवाजात ऐकू आले होते, आणि तो आवाज चांगला होता, कारण ती चांगली होती.

मावशीने सांगितलं तसं तिने लिहिलं: घरी यायची वाट बोलून पाठवा, मग निघते. बराच वेळ काही आलं नाही. मग "टाइप करतो ना" आलं. धाकटीने पुन्हा तेच लिहिलं. शेवटी आवाज आला, सात सेकंदांचा. "कारखान्यापासून सरळ... सरळ या... मग..." आणि मागून दुसरा कुणीतरी दबक्या आवाजात: "डावीकडे म्हण, डावीकडे." मग हसू. एकाचं नव्हतं ते.

मेसेजमध्ये तो एकटा राहत होता.

धाकटी पर्स मांडीवर घेऊन खाली बसली. मावशीने ना टोमणा मारला ना उपदेश केला. स्वतःच्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "त्या कपाटवाल्याला मी हसायचे, पण त्याचा जिना खरंच अरुंद होता हो." धाकटी हसली आणि मग रडली.

संध्याकाळी जाहिरातीत एक ओळ वाढली: आधी आवाज पाठवा, घरची वाट सांगा. मेसेज निम्म्यावर आले. उरलेले आवाज मावशी चष्म्याशिवाय ऐकू लागली, मोबाइल कानाला उलटा धरून.

शुक्रवारी धाकटी पुन्हा कामावर गेली. मावशी चहा समोर ठेवून बसली. तिचा मोबाइल दोनदा थरथरला, दोन छोटे आवाज आले होते.

"मावशी, पोचले."

"दार निळं आहे, त्याने सांगितलं होतं तस्संच."

मावशीने दोन्ही पुन्हा ऐकले. मग कप उचलला. चहा अजून गरम होता.