मासळी बाजाराच्या भिंतीवरचे डोळे

शेवंतीबाई गेल्याचं कळलं तेव्हा मी सत्काराला उत्तर म्हणून करायचं भाषण लिहीत होतो. आमच्या गावात भर नाक्यावर मासळी बाजाराची लांबलचक भिंत आहे आणि तिच्यावर सिमेंटमध्ये घडवलेलं शिल्पचित्र. होडी पाण्यात लोटणारे खलाशी, टोपल्या घेतलेल्या कोळणी, मिठागरातली माणसं. नगरपालिका ते नव्याने रंगवणार होती आणि त्यानिमित्त ‘मूळ शिल्पकार’ म्हणून माझा सत्कार होता. दुपारी शेवंतीबाईंच्या मुलीचा, कल्पनाचा फोन आला. “सर, आई गेली. सकाळीच.” कशानं, म्हणून विचारलं. कोण कोण आलंय, विचारलं. आणखी एक प्रश्न ओठांपर्यंत आला होता, तो गिळला... माझ्याबद्दल काही बोलली का? फोन ठेवला आणि समोरचं भाषण वाचलं. पहिलंच वाक्य होतं, ‘या भिंतीवरचा प्रत्येक चेहरा मी जगलो आहे.’ कागद फाडला. दुसरा घेतला, तोही फाडला. ते श्रावणातले दिवस होते. आता गणपती येऊन गेले, तरी माझं लिहिणं आणि फाडणं तसंच चाललंय. तेव्हा एकदाच लिहून टाकतो. त्या भिंतीवरचे चेहरे मी केलेले नाहीत. ते शेवंतीबाईंनी केले.

मी इथल्या हायस्कुलात ड्रॉइंग शिकवायचो. तीसेक वर्षांपूर्वी बाजाराची इमारत नवी झाली, तेव्हा भिंतीचं काम माझ्याकडे आलं. आराखडा माझा, होडी माझी, हातापायांचे बांधे माझे. एवढं मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. मे महिन्याच्या सुट्टीत दोन गवंडी हाताशी घेऊन काम सुरू केलं. एका सकाळी मासळी घ्यायला आलेली एक बाई मागे उभी राहिली. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, “मास्तर, टोपलीतल्या मासळीचे डोळे ताजे, आन् कोळणीचे शिळे? असल्या डोळ्यांचं मावरं कोन घील?” सगळा बाजार हसला. मला राग आला. पण रात्रभर तेच कानात. दुसऱ्या दिवशी चौकशी केली, तर ती शेवंतीबाई, गणपतीच्या कारखान्यात आखणी करणारी, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणारी निघाली. माहेर पेणजवळचं, मातीत हात घालायला तिथेच शिकलेली. मी जाऊन म्हटलं, “बाई, मग तुम्हीच करून दाखवा.” वाटलं होतं, लाजेल. ती पदर खोचून आली.

सिमेंट मातीसारखं थांबत नाही. ओलं असेतोवर जो काय आकार द्यायचा तो द्यायचा. पहिले दोन चेहरे बिघडले, ते तिने स्वतःच खरवडून काढले. तिसऱ्यापासून मात्र मी नुसता बघत राहिलो. पुस्तकातला चेहरा तिला ठाऊकच नव्हता. बाजाराकडे तोंड करून बसायची, एकीला न्याहाळायची, मग वळून हात चालवायची. “ही पारू बघा. गिऱ्हाइकानं पापलेटाला बोट लावलं की अशी बघते.” पारू कोळीण टोपली सोडून धावत आली आणि ओरडली, “अगं मेले, माझं नाक एवढं हाय?” डोळे मात्र शेवटी. ते करताना कुणी बोलायचं नाही, हा कारखान्यातला नेम तिने इथेही लावला. भर बाजारात तेवढा वेळ लोक खरंच गप्प राहायचे.

काम संपत आलं तेव्हा नगरपालिकेचा कारकून संगमरवरी फरशीवर घालायचा मजकूर विचारायला आला. “शिल्पकार म्हणून काय नाव घालू, सर?” शेवंतीबाई चार हातांवर उभ्या होत्या, कोपरापर्यंत सिमेंट. मी माझं नाव सांगितलं. एकट्याचं. फरशी बसली त्या दिवशी त्यांनी विचारलं, “मास्तर, माझं नाव न्हाय का त्याच्यावर?” मी हसून म्हणालो, “तुमच्यात मूर्तीवर कुठं नाव घालतात?” खरंच नसतात घालत, तेवढंच मला पुरलं. त्यांनी फरशीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, “मूर्ती बुडवायची असते, मास्तर. भिंत कोन बुडवतंय?”

त्या नळावर गेल्या, हात धुतले, मासळी घेतली आणि घरी गेल्या. मी ठरवलं, उद्या सांगू कारकुनाला. मग शाळा सुरू झाली... मला भीती होती ती एवढीच, की डिप्लोमावाल्या मास्तराला चेहरे जमले नाहीत हे गावाला कळेल. पुढे त्या भिंतीच्या जोरावर मला आणखी दोन कामं मिळाली. लोक म्हणाले, “पहिल्याची सर नाही.” मी म्हणायचो, कलावंताला एखादंच काम असं साधतं. विद्यार्थ्यांना त्या चेहऱ्यांपुढे उभं करून निरीक्षणावर बोललो आहे मी. शेवंतीबाई बाजारात भेटत. “बरं हाय ना, मास्तर?” एवढंच. कधी टोमणा नाही. तो मारला असता तर बरं झालं असतं.

त्या गेल्यावर आठवड्याने मी नगरपालिकेत गेलो. तिथल्या तरुण इंजिनिअरला सगळं सांगितलं, फरशीवर नाव बदला म्हटलं. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला, ऐकून घेतलं आणि म्हणाला, “सर, मदतनीस बाईंना एवढं श्रेय देणं हा तुमचा मोठेपणा. अशी माणसं आता राहिली नाहीत.” मी म्हटलं, “अहो, मोठेपणा नाही, मी खोटं बोललो होतो.” तो आणखी नम्रपणे हसला. मी जिना उतरलो. कबुलीचीही शाल करून त्याने माझ्याच खांद्यावर टाकली होती.

तिथून थेट बाजारात गेलो. आसपासच्या भिंतींवर आता पर्यटकांसाठी डॉल्फिन रंगवलेत, फोटो काढायला पंखांच्या जोड्या. आपली भिंत अजून करडीच. पारू, आता पुरती म्हातारी, सुनेशेजारी बसली होती. तिच्यापुढे उकिडवा बसलो आणि बोलून टाकलं. ती कोळंबी सोलत राहिली. “आमाला काय नवीन सांगताव? आमी शेवंतीची भिंतच म्हनतो हिला. तुमी आलाव की गप बसतो.”

“मला कधी बोलली नाहीस ते?”

“तुमी मास्तर. आमच्या पोरांना शिकवलंत. कसं बोलायचं?”

तिने ओल्या हाताने भिंत दाखवली. “शेवंती येता-जाता पदरानं डोळे पुसायची त्यांचे. एक दिस चुकला न्हाय.” जवळ जाऊन पाहिलं. खालच्या रांगेतल्या चेहऱ्यांचे डोळे गुळगुळीत, काळसर, चमकणारे. वरच्या रांगेतल्या डोळ्यांत धूळ साचून राहिलेली; परांची उतरल्यावर तिथवर तिचा हात पुरत नव्हता. मी उंच आहे. खिशातून रुमाल काढला, हात वर केला.

“ऱ्हाऊ द्या, मास्तर,” मागून पारू म्हणाली. “आधी त्या दगडावरचं नाव पुसा.”