मी माफ करायला गेले होते

मंडळी, आज आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. मनात कुणाशी वाकडं असेल तर आधी समेट करायचा, मग भाकर घ्यायची, असा आमचा रिवाज. आज भाकरीचं ताट माझ्यापुढून तसंच गेलं.

आंधळगावात आमच्या गल्लीत विणकर राहतात. सुताचा लांब ताणा गल्लीभर बांधून त्याला खळ लावतात. दोन महिन्यांपूर्वी शाळेच्या घाईत माझी स्कूटी शेजारच्या शेवंताबाईंच्या ताण्यात शिरली. त्या चार लोकांदेखत मला वाटेल ते बोलल्या. तेव्हापासून मी अबोला धरला.

चर्चमधून निघून थेट त्यांच्याकडे गेले. त्या भर उन्हात खळ लावत होत्या. "झालं गेलं विसरले मी, माझ्या मनात काही नाही," मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं.

"बरं झालं आल्या मॅडम. हे टोक धरा, सैल होऊन रायलं."

धरलं. थोड्याच वेळात डोकं तापलं. "एवढ्या उन्हात काहून करता? आधी तर सकाळीच करत होत्या."

"तुमची गाडी शाळेले गेली का मंगच ताणा लावतो आता. रोजची सवय पडली. आज आयतवार हाय, ध्यानातच नाही रायलं."

दोन महिने!

हातातलं टोक सोडता येत नव्हतं, म्हणून हात न जोडताच "चुकलं माझं" म्हटलं. त्या म्हणाल्या, "जरा ताणून धरा."

तुम्ही कधी माफ करायला गेलात आणि माफी मागून परत आलात का?